अकरा नंबरचं नाणं

नाणी मोजून एकतीस होती. पुन्हा मोजली, तरी एकतीसच. पण अकरा नंबरच्या पुडीतलं नाणं शकुंतलाबाईंनी प्रयोगशाळेच्या तराजूत ठेवलं आणि झटकन वही पुढं ओढली.

गुरुवारी हेच नाणं अकरा पूर्णांक नऊ ग्रॅम भरलं होतं. त्यांच्या वहीत त्यांच्याच अक्षरात तसं लिहिलेलं होतं. आज शनिवार, सकाळचे आठ, आणि काटा सांगत होता सहा पूर्णांक आठ. आकार तसाच, हिरवा थर तसाच, पण पाच ग्रॅम कुठं गेले?

शकुंतलाबाई मोकाशी सुरतेच्या त्या मराठी शाळेत सतरा वर्षं विज्ञान शिकवत होत्या. स्वभावानं तापट, आणि एका जागी बसणं त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं. त्यांनी पुडीतला हिरवा तुकडा उचलून नळाखाली धरला. जुना गंज असा नळाखाली सुटत नाही, त्याला लिंबाचा रस, धुण्याचा सोडा, बांबूची काडी आणि ढीगभर सबुरी लागते. हा मात्र आदल्या दिवशी फासलेल्या रंगासारखा भसकन वाहून गेला. खालून निघाला कंपनी सरकारच्या काळातला ढब्बू पैसा. असले पैसे गावातल्या निम्म्या घरांत फडताळात पडलेले असतात.

कोणीतरी खरं नाणं उचललं होतं, आणि मोजणी जुळावी म्हणून जागेवर हा ढब्बू ठेवला होता. प्रत्येक नाण्याचं वजन लिहून ठेवणारी एक काटेकोर बाई शाळेत आहे, हे मात्र त्या कोणीतरीच्या गावीही नव्हतं.

ही नाणी आली तापीच्या गाळातून. गेल्या ऑगस्टात पूर आला, अर्धी सुरत पाण्यात बुडाली, आणि पाणी ओसरल्यावर काठाला पुरुषभर गाळ राहिला. त्या गाळात दर रविवारी एक माणूस कानाला यंत्र लावून फिरायचा. त्याचं नाव निंबा. मूळचा खानदेशातला, पंधरा वर्षं फौजेत सुरुंग शोधायच्या पलटणीत होता. आता नवागामला राहून यंत्रमागाच्या शेडवर रखवाली करायचा. फौजेनं भंगारात काढलेलं सुरुंग शोधायचं एक यंत्र त्यानं लिलावात घेतलं होतं. पुरात गेलेल्या वस्तू तो त्या यंत्रानं लोकांना शोधून द्यायचा. कुणाची नथ, कुणाचा तांब्या, कुणाच्या देवघरातला बाळकृष्ण. बदल्यात चहा सोडून काही घ्यायचा नाही.

दहा दिवसांपूर्वी त्याला फुटकं मडकं आणि ही नाणी सापडली. त्यानं ती सरळ मामलतदार कचेरीत नेऊन दिली. कचेरीनं मोजून पंचनामा केला. प्रजासत्ताक दिनाच्या प्रदर्शनात मांडता यावीत, म्हणून साफसफाईसाठी ती शाळेकडे सोपवली. ताब्यात घेतल्याची सही शकुंतलाबाईंची होती. उद्या प्रदर्शन, आणि सोमवारी नाणी परत कचेरीत.

त्या तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या.

मुख्याध्यापक मुकुंदराव टिपणीस म्हणजे करारी माणूस. इतिहास शिकवायचे, भाषण द्यायचे, आणि बोलता बोलता अडकित्त्यानं सुपारी कातरायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावरची कागदाची पुडी उघडून कातरलेली सुपारी तोंडात टाकली.

"वजन? तुम्ही वजनं करून ठेवलीत?" त्यांनी विचारलं.

"साफ करण्याआधी आणि नंतर. थर किती निघाला ते कळतं."

मुकुंदरावांनी पुडी मिटून ठेवली. मग म्हणाले, "पोलिसांना फोन करायलाच हवा. तुम्ही जा, प्रयोगशाळा बंद करून घ्या. मी करतो."

दहाला जीप आली. फौजदार छगनभाई आधीच वैतागलेले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना चलथाणला साखर कारखान्यावर बंदोबस्ताला जायचं होतं, आणि त्याआधी हे लचांड निकालात काढायचं होतं. बरीच वर्षं मराठी वस्तीत काढल्यानं ते गुजराती मिसळलेलं मराठी बोलायचे.

"बेन, कपाटाची किल्ली कोणाकडे?"

"एक माझ्याकडे, एक ऑफिसात."

"शेवटचं कधी बघितलं?"

"गुरुवारी चारला. काल प्रयोगशाळेत मुलांची परीक्षा होती, नाणी कपाटात होती. मी कपाट उघडलं नाही."

"गुरुवारी कोण कोण होतं?"

शकुंतलाबाईंनी नावं सांगितली. स्वतः त्या, मुकुंदराव, निंबा आणि बँकेतले प्रभाकर तळवलकर. प्रभाकरपंतांना जुन्या नाण्यांचा नाद होता. एकटा जीव, लॉजमध्ये राहायचे, खानावळीत जेवायचे. गुरुवारी अकरा नंबर हातावर तोलून तेच म्हणाले होते, "बाई, हे चांदीचं असणार. ह्याला आंबट लावू नका. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात सोड्याच्या पाण्यात ठेवा, आणि घाई करू नका." बाकी तिघांनीही ते ऐकलं होतं.

तक्रारीचा मजकूर मुकुंदरावांनीच सांगितला. "तज्ज्ञांच्या मते चांदीचं असलेलं एक प्राचीन नाणं," असं त्यांनी शिपायाला लिहायला लावलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला कुणावर आळ घ्यायचा नाही. पण यंत्रवाल्याला त्याची किंमत ठाऊक होती. तास झाला, येऊन प्रदर्शनाला आणलेलं यंत्र घेऊन गेला."

छगनभाईंना तेवढं पुरे होतं. जीप नवागामकडे गेली.

शकुंतलाबाई व्हरांड्यात येरझारा घालत राहिल्या. शिपायानं आणलेल्या चहावर साय धरली. बँक अर्ध्या दिवसाची होती, साडेअकराला प्रभाकरपंत आले, तेही उभेच राहिले. बाराला ऑफिसातला फोन वाजला. मुकुंदराव खिडकीशी होते, म्हणून शकुंतलाबाईंनीच तो घेतला.

"बेन, मिळालं तुमचं अकरा नंबर. यंत्राच्या पेटीत. माणूस चौकीत आणला," एवढं बोलून छगनभाईंनी फोन ठेवला.

त्यांनी ते दोघांना जसंच्या तसं सांगितलं.

प्रभाकरपंतांनी खुर्ची ओढून घेतली. मुकुंदरावांनी सुस्कारा सोडला. "बघा. एका तांब्याच्या नाण्यापायी माणसानं इमान घालवलं," ते म्हणाले.

शकुंतलाबाईंनी पदर खोचला आणि चौकीची वाट धरली.

चौकीच्या पायरीवर निंबाची बायको उषाबाई बसली होती. तिच्या ओच्याला पीठ लागलेलं होतं. घरी झडतीत शिपायांनी डबे उपडे केले होते आणि सगळी गल्ली बघत होती. ती रडत नव्हती, नुसती समोर बघत होती.

"मन्हा नवरा चोर नही शे, बाई," ती म्हणाली.

आत निंबा भिंतीशी ताठ उभा होता. छगनभाई कागद पुढं ओढून बसले होते. संध्याकाळी गुन्हा नोंदवायचा म्हणत होते. एकदा नोंदला की शेडचा मालक निंबाला दारात उभा करणार नव्हता, आणि पुरातलं सामान शोधायला तर कोणी त्याला अंगणातही घेतलं नसतं.

"निंबाभाऊ, पेटी कुठं होती?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"बुधवारपासून मोठ्या सरांच्या खोलीत. प्रदर्शनाला दाखवायची म्हणून."

"आज का आणली?"

"सेल उतरले होते. बदलून उद्या परत आणणार होतो. नऊला गेलो तर सरांनी स्वतः उचलून हातात दिली. लवकर ने म्हणाले."

"उघडून बघितली?"

"नाही बाई. कडी आहे, कुलूप नाही. घरी ठेवली आणि भाकरीला बसलो. तेवढ्यात जीप आली. पेटी ह्यांच्यासमोरच उघडली."

"घरात काही घासूनपुसून काढता, ते कशानं?"

"राखेनं. जर्मनची चार भांडी आहेत, त्यांना दुसरं काय लागतं?"

छगनभाईंनी चिंधीतलं नाणं टेबलावर ठेवलं. त्यावर फारसी अक्षरं होती. नाणं साफ होतं, पण रंग पांढरा नव्हता. तांबूस, घासलेल्या तांब्याकडे झुकणारा. छगनभाईंना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. शकुंतलाबाईंनी ते उजेडात नेऊन उलटंपालटं केलं. कडेजवळ दोन ठिकाणी तांबूसपणा नव्हता. पुढच्या बाजूला एक सरळ पांढरी रेघ, आणि बरोबर तिच्या पाठीमागं एक रुंद, किंचित वाकडा पांढरा पट्टा.

"फौजदारसाहेब, मला पाच वाजेपर्यंत वेळ द्या. कागदावर सही नंतर करा."

"बेन, माल मिळाला, माणूस मिळाला. आता शुं बाकी?"

"हे नाणं निंबानं साफ केलेलं नाही. कोणी केलं ते पाचला सांगते. नाही सांगता आलं तर निष्काळजीपणाबद्दल माझं नाव लिहा, सही माझीच आहे."

छगनभाईंनी घड्याळ बघितलं, मग निंबाकडे बघितलं. "पाच म्हणजे पाच," ते म्हणाले.

शकुंतलाबाई बाहेर उन्हात आल्या. डोक्यात एक संशय आला होता, आणि तो खरा ठरू नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. ज्या माणसाबरोबर सतरा वर्षं डबा खाल्ला, त्याच्याबद्दल असलं काही मनात आणायला जिवावर येतं. पण चौकीच्या पायरीवरची उषाबाई डोळ्यांपुढून हलेना.

त्या दिवशी रथसप्तमी होती. हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. मुकुंदरावांच्या घरी दुपारीच बायका जमल्या होत्या. त्यांच्या पत्नी अलकावहिनींनी शकुंतलाबाईंना हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि विड्याचं ताट पुढं केलं. विड्यात दुकानातली कातरलेली सुपारी होती.

"हे काय वहिनी? तुमच्याकडे पुडीची सुपारी?"

"काय सांगू. अडकित्ता धार लावायला दिलाय म्हणे. ऐन सणाला. नाहीतर ह्यांच्या हातचा अडकित्ता कधी खाली राहतो का?"

"कधीपासून?"

"कालपासून. आणि आमचे साहेब गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात शिरले होते, हे ऐकलंत तर हसाल. रथसप्तमीला ताम्हन, पळी घासायची म्हणून मी चिंच भिजत घातली होती. मी देवळातून येते तर चिंचेचं पाणी हिरवंनिळं. विचारलं तर म्हणाले, शाळेचं काम होतं. शेवटी दुसरी चिंच भिजवली."

बाकीच्या बायका हसल्या. शकुंतलाबाईंनी तिळगूळ रुमालात बांधला. त्यांनी विचारलं, "देवघरातला ढब्बू पैसा दिसत नाही तुमचा? मागच्या वर्षी होता."

"होता हो. कुठंतरी पडला असेल," अलकावहिनी म्हणाल्या.

पाचला पाच मिनिटं असताना प्रयोगशाळेत सगळे जमले. छगनभाई, दोन शिपाई, मधोमध निंबा, दाराशी उषाबाई, बाकावर प्रभाकरपंत आणि उभे मुकुंदराव.

"हा काय पोरखेळ? उद्याची तयारी पडलीय," मुकुंदराव म्हणाले.

"दहा मिनिटं," शकुंतलाबाई म्हणाल्या.

त्यांनी एका काचेच्या वाडग्यात चिंचेचं पाणी ओतलं. साफ केलेल्या नाण्यांवरून निघालेली हिरवी भुकटी त्यात टाकून ढवळली. पाणी हिरवंनिळं झालं. मग स्वतःच्या बटव्यातून चांदीची राणीछाप पावली काढून त्यात सोडली.

"ही चांदी. बघा, काही होतंय?"

सगळे बघत राहिले. पावली होती तशीच राहिली. मग त्यांनी लोखंडी खिळा घेऊन पाण्यातच त्या पावलीवर टेकवून धरला. थोड्याच वेळात पावलीवर तांबूस छटा आली आणि ती गडद होत गेली. त्यांनी पावली बाहेर काढून छगनभाईंच्या हातावर ठेवली.

"हे तो तांबा थई गयो," छगनभाई म्हणाले.

"झाली नाही, दिसते. हिरव्या थरात तांबं असतं, ते आंबटात विरघळतं. त्यात लोखंड चांदीला टेकलं की ते तांबं चांदीवर येऊन बसतं. म्हणून मी कधी लोखंडी चिमटा वापरत नाही. आता अकरा नंबरचा रंग आठवा. ते आंबट पाण्यात, लोखंडात धरून साफ केलं गेलं."

"निंबा करू शकला असता," छगनभाई म्हणाले.

"चिंच कुणीही आणू शकतो, मान्य. पण रंगावरून नका जाऊ, खुणांवरून जा. लोखंडानं जिथं पकडलं तिथं तांबं बसलं नाही, चांदी पांढरी राहिली. एका बाजूला सरळ रेघ, दुसऱ्या बाजूला वाकडा पट्टा. खिळ्यानं असं होत नाही, चिमट्यानंही नाही. चिमट्याच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. वर पातं आणि खाली वाकडी बैठक असलेलं घरातलं हत्यार एकच."

प्रभाकरपंतांनी मान वर केली. मुकुंदराव खिडकीबाहेर बघत होते.

"आधी प्रभाकरपंतांचं सांगते, कारण संशय त्यांच्यावरही येणारच. हे खानावळीत जेवतात, घरात चूल नाही. त्याहून मोठं म्हणजे, चांदीला आंबट लावू नका हे मला त्यांनीच बजावलं. जाणकार माणूस असा नास करणार नाही. हे काम घाई झालेल्या माणसाचं आहे. त्या माणसाला नाणं लाल झालेलं दिसलं, आणि त्यानं आपली समजूत करून घेतली की चांदी नव्हतीच, तांबंच होतं."

त्या मुकुंदरावांकडे वळल्या. "सर, सकाळी तक्रारीत तुम्ही लिहायला सांगितलंत, चांदीचं नाणं. दुपारी फोन मी घेतला. फौजदारसाहेब एवढंच म्हणाले की अकरा नंबर मिळालं. रंग त्यांनी सांगितला नाही, मीही सांगितला नाही. आणि तुम्ही म्हणालात, एका तांब्याच्या नाण्यापायी."

"मी म्हणालो असेन. बोलण्याच्या ओघात."

"तुमचा अडकित्ता कुठंय?"

"धार लावायला दिलाय."

"कुणाकडे?" छगनभाईंनी विचारलं.

मुकुंदराव पुन्हा खिडकीकडे वळले. छगनभाईंनी शिपायाला डोळ्यानं खूण केली. ऑफिसातल्या टेबलाच्या खालच्या खणात, परीक्षेच्या गठ्ठ्यामागं अडकित्ता मिळाला. पात्याची कड आणि खालची बैठक दोन्ही तांब्यासारखी लाल होती. शकुंतलाबाईंनी नाणं त्यात धरलं. सरळ रेघेवर पातं बसलं, वाकड्या पट्ट्यावर बैठक.

"आणि पेटी बुधवारपासून तुमच्याच खोलीत होती. आठला मी वजनाचं सांगितलं, नऊला तुम्ही ती स्वतः उचलून निंबाच्या हातात दिलीत," त्या म्हणाल्या.

मुकुंदराव बाकावर बसले.

"मला विकायचं नव्हतं," ते अखेर म्हणाले. "शकुंतलाबाई, तुम्हाला तरी खरं वाटेल. मला वाटलं, मराठ्यांच्या स्वारीत काठावर पडलेलं असेल. सोमवारी कचेरीत गेलं की कायमचं पेटीत बंद. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेला इतिहास शिकवला, एकदा आपल्या नावावर काहीतरी निघावं असं वाटलं. घासलं तर लाल झालं. वर फारसी अक्षरं. म्हटलं, खोटं आहे, फेकून द्यावं. तेवढ्यात तुम्ही वजनाचं बोललात."

"ते माझ्या टेबलावर आणून ठेवता आलं असतं."

"शाळेत तोंड कसं दाखवलं असतं? म्हटलं, एवढ्याशा नाण्यासाठी निंबाला कोण काय करतंय. चार दिवस आत ठेवतील, सोडतील."

शकुंतलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. काय काय बोलायचं ते ओठावर आलं होतं. पण त्यांच्याआधी निंबा बोलला.

"सर, पुरात माझंही घर गेलं. तेव्हा एवढं वाटलं नव्हतं. आज डबे उपडे केले तेव्हा एक बाई दारात उभी होती. तिची नथ मी चिखलातून काढून दिली होती. तिनं तोंड फिरवलं."

छगनभाईंनी मघाचा कागद टरकावला. "निंबाभाई, तू जा घरे. माफ करजो," ते म्हणाले.

निंबा जागचा हलला नाही. "साहेब, जीप दिवसाढवळ्या गल्लीत आली होती. सगळ्यांनी बघितली. मी एकटा चालत गेलो तर लोक म्हणतील, सुटला कसातरी. जीप परत न्या. सरांनाही घ्या."

छगनभाईंनी चलथाणचा विचार केला असेल, तरी घड्याळ बघितलं नाही. त्यांनी टोपी घातली आणि मुकुंदरावांना उठायची खूण केली.

निंबा-उषाबाईसकट सगळे नवागामला पोचले तेव्हा पहिली पाळी सुटून माणसं घरी आली होती. जीप बघताच गल्ली भरली. मुकुंदराव खाली उतरले. हजार मुलांपुढं खणखणीत बोलणारा माणूस, पण त्यांच्या तोंडून नुसतं पुटपुटणं निघालं.

"मोठ्यानं बोला सर. मागं ऐकू जात नाही," निंबा म्हणाला.

त्यांनी पुन्हा सांगितलं. मागून कोणीतरी विचारलं, काय म्हणतायत? छगनभाई त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"निंबानं चोरी केली नाही," मुकुंदराव ओरडून म्हणाले. "चोरी मी केली. त्याच्या पेटीत मी ठेवलं."

गर्दी मागं सरकून वाट करून देऊ लागली. उषाबाई आपल्या उंबऱ्यावर बसली. सकाळपासून तिनं डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. आता ती तोंडाला पदर न लावता, सगळ्यांसमोर ढसाढसा रडायला लागली, आणि निंबा तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.